पांढऱ्या चिंध्या, निळ्या चिंध्या

गुरुवारी दुपारी आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून जुनी चादर फाडत होती आणि धाकटी टेबलापाशी मुद्रितं तपासत होती. त्या दिवसाबद्दल पुढे ज्याने ज्याने विचारलं, त्याला धाकटीने एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं. अपुरं होतं.

चादर फाडायचा आवाज मोठा होता. आई आधी दातांनी काठ सोडवायची, मग दोन्ही हातांनी ओढायची आणि टर्रकन एक लांब पट्टी निघायची. धाकटीसमोर एका जाडजूड कोशाची शेवटची ऐंशी पानं पडली होती. शुक्रवारी ती छापखान्यात पोचायला हवी होती. दर गुरुवारी आईकडे यायचं हा तिचा नेम, आणि येताना काम घेऊन यायचं हाही. आईची त्याबद्दल तक्रार नव्हती. ती म्हणायची, "बस तू. मला काय, बोलायला एक कान असला की झालं."

"ऐकतेस ना?"

"हो."

"बोरूची बेटं एकूण एकतीस. आज सगळ्यांना चिंध्या बांधून टाकते, म्हणजे खणायच्या दिवशी माझ्या मागे मागे फिरायला नको कुणाला. तुला बारीक दिसतं बाई, मला आता ढोबळच दिसतं. म्हणून..."

इथे धाकटीला एका नोंदीत पानाचा आकडा चुकलेला दिसला. तिने कानामागची तांबडी पेन्सिल काढली. मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. आकडा तिथपासून पुढे सगळीकडेच चुकत गेला होता. आई बोलत होती, मधूनच हवेत हात करून काहीतरी दाखवत होती, आणि धाकटी योग्य त्या ठिकाणी मान हलवत होती. ते तिला चांगलं जमायचं.

"कळलं?"

"कळलं."

"मग म्हणून दाखव."

"आई, मी काय पहिलीत आहे?"

आई हसली. शाळेच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं मदतनीस म्हणून काढलेली बाई. आधी म्हणून दाखवल्याशिवाय तिने कुठल्या मुलाच्या हातात काचेची नळी दिली नव्हती. मुलीला मात्र तिने सोडून दिलं. पट्ट्या गोळा करून पिशवीत कोंबल्या, कपाटातून बाबांचा जुना निळा शर्ट काढून काखेत मारला, डोक्यावर टोपी घातली.

"दादाला फोन केला होता. त्याला म्हटलं, धाकटीला सगळं सांगून ठेवते, तिला विचार," ती दारातून म्हणाली. "तो फोनवर ऐकतच नाही. नुसता हो-हो करतो."

"हो ना," धाकटी म्हणाली आणि पान उलटलं.

शुक्रवारी सकाळी आई उठली नाही.

*

पुढच्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी आठ वाजता चौघं ओढ्यावर जमले, तेव्हा कुणी काय आणायचं याचाच आधी घोळ झाला. मामाने दोन कुदळी आणल्या, दादानेही दोन आणल्या, फावडं कुणीच आणलं नाही. वहिनीने चहाचा थर्मास आणला आणि पेले घरी विसरली. पेल्यांचं दर वेळी आई बघायची, हे चौघांच्या एकदमच लक्षात आलं. मग थर्मासच्या झाकणातून आळीपाळीने चहा झाला.

ओढा म्हणजे गाड्या धुण्याच्या दुकानामागून निघून जुन्या पंपघरापर्यंत जाणारं पाणी. छोट्या पुलापासून पंपघरापर्यंत चारशे पावलांचा काठ, तो आईने अकरा वर्षांपूर्वी सांभाळायला घेतला होता. तेव्हा तिथे टायर होते, गाद्या होत्या, एक अख्खी न्हाणीघरातली टाकी होती. आई वरच्या अंगाला, जिथे ओढा अजून शाबूत आहे, तिथे चालत जायची, तिथून वाळुंजाच्या फांद्या, लव्हाळ्याचे गड्डे, बोरूचे कोंब आणायची, परसात तेलाच्या डब्यांत वाढवायची आणि इथे आणून लावायची. इथलं होतं तेच इथे परत आणायचं, एवढाच तिचा हट्ट. बोरू म्हणजे पाण्याकाठचं, पुरुषभर उंचीचं, पोकळ देठाचं गवत. एकेकाळी त्याच्या लेखण्या व्हायच्या. धाकटीच्या धंद्याचा मूळपुरुष, असं आई म्हणायची.

पण बोरू दोन जातींचा. एक आपला. दुसरा कुठूनतरी लांबून आलेला, आईच्या भाषेत रेट्या. दिसायला सख्खे भाऊ. आपल्या बोरूच्या बेटात बेडकांना जागा असते, पाखरांना असते, लव्हाळाही मावतो. रेट्या घुसला की तिथे दुसरं काही उरत नाही. वहिनी लग्न होऊन आली त्या वर्षी हे ऐकून म्हणाली होती, "म्हणजे बाहेरून आलेलं काढून टाकायचं असतं होय? मग मी सामान बांधू का?" त्यावर आई म्हणाली, "तू रुजलीस गं. हा रुजत नाही, हा रेटतो." तेव्हापासून त्याचं नाव रेट्या पडलं आणि सासूसुनेची दोस्ती जमली.

पालिकेचं पत्र आईच्या फ्रिजवर अजून चिकटवलेलं होतं. उद्या सोमवारी सकाळी दहाला अभियंताबाई येऊन काठ बघणार. रेट्या हटलेला असला आणि आपला बोरू उभा असला, तर काठ पुढची पाच वर्षं घरच्यांकडे. नाहीतर यंत्र घालून सगळाच काठ खरवडायचा आणि वर दगड बसवायचे. दगड पुलापाशी येऊन पडलेसुद्धा होते.

आणि काठावर एकतीस बेटांना एकतीस चिंध्या होत्या. पुलाकडून मोजलं तर आधी अठरा पांढऱ्या, मग तेरा निळ्या.

"तर मग," मामा तळहात चोळत म्हणाला, "कुठल्या काढायच्या?"

मामा आईचा धाकटा भाऊ, निवृत्त बसचालक. आयुष्यभर त्याने मागे न बघता लोकांना इच्छित स्थळी पोचवलं होतं आणि सगळ्याच कामांत तो तसाच वागायचा.

"पांढऱ्या," दादा म्हणाला.

"निळ्या," मामा म्हणाला, त्याच दमात.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मामा, तो शर्ट बाबांचा आहे," दादा म्हणाला. "आई बाबांचा शर्ट उपटून टाकायच्या झाडाला बांधेल का? तूच सांग."

"बांधेल की! चाळीस वर्षं बघितलाय मी तो संसार. ताई त्याच्या शर्टाने सायकल पुसायची, तो जिवंत असताना."

"ते वेगळं."

"काही वेगळं नाही. जे ठेवायचं त्याला माणूस स्वच्छ, पांढरं फडकं बांधतो. जे जायचं त्याला जुनेर. साधा हिशेब आहे."

"चादरही जुनीच होती," वहिनी म्हणाली.

"तू कुणाच्या बाजूने आहेस?" दादाने विचारलं.

"मी चादरीच्या बाजूने आहे. ती माझ्या रुखवतातली होती. दहा वर्षं वापरली आईंनी."

दादा चष्म्याचं दुकान चालवतो. त्याला वस्तू डोळ्यांपासून ठराविक अंतरावर धरून बघायची सवय. तो दोन पावलं मागे सरला, सगळा काठ एका नजरेत घेतला. "हे बघा. रेट्या पुलाकडूनच आत शिरला. आईच सांगायची. म्हणजे पुलाकडची अर्धी बाजू त्याची, म्हणून तिथे सगळ्या पांढऱ्या. पंपघराकडचा आपला, म्हणून तिथे निळ्या. एवढं सरळ आहे."

हे पटण्यासारखं होतं. मामानेही मान डोलावली. मग म्हणाला, "ताईने कधी एवढं सरळ काही केलंय का?"

हेही पटण्यासारखं होतं.

धाकटी जरा बाजूला उभी होती. कुठली ठेवायची, कुठली काढायची, हा प्रश्न समोर आल्याबरोबर तिचा हात खिशात गेला होता आणि तिने फोन काढून आईचं नाव दाबलंही होतं. वर घरात, फ्रिजवर ठेवलेला आईचा फोन वाजत असेल. तिने घाईने आपला फोन बंद केला. नऊ दिवसांत हे तिसऱ्यांदा झालं होतं. ज्या माणसाचं जाणं समजत नाही, त्याबद्दल त्याच माणसाला विचारावंसं वाटतं, हे तिने कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

"आपण उगाच भांडतोय," दादा म्हणाला. "धाकटीला सांगितलंय ना आईने. गुरुवारी सकाळीच फोन होता मला. म्हणाली, धाकटीला विचार."

तिघं तिच्याकडे वळले.

इथे खरं सांगायला दोनच शब्द लागले असते. ते तिच्या जिभेवर आलेसुद्धा. पण दादाच्या हातात एका निळ्या चिंधीचं टोक होतं आणि तो ते अंगठ्याने चोळत होता, जसं दुकानात काच पुसताना चोळतो. बाबा गेले तेव्हा तो परगावी होता, पोचायला उशीर झाला होता. त्या घरात त्याने बाबांची एकही वस्तू कधी मागितली नव्हती.

"निळ्या ठेवायच्या," धाकटी म्हणाली.

"बघ," दादा मामाला म्हणाला. चिंधीचं टोक त्याने अजून सोडलं नव्हतं.

"असेल बुवा," मामाने कुदळ उचलली. "पंडितीणबाई म्हणतात तर असेल. तिच्या हातून चूक सुटत नाही, तिला त्याचाच पगार मिळतो."

*

बोरू खणणं हे हाडं मोडणारं काम आहे. वरचे देठ विळ्याने कापायचे, मग खालच्या मुळ्यांचं जाळं कुदळीने सोडवायचं, कारण एक कोंब जरी मागे राहिला तरी तो पुन्हा डोकं वर काढतो. दादा आणि मामा खणत होते, वहिनी कापलेले देठ ओढून काठावर रचत होती. धाकटी घमेल्यात मुळ्या भरत होती. सगळे आईबद्दल सोडून बाकी सगळ्याबद्दल बोलत होते. मामाने एका वळणावर बस मागे घेताना लग्नाच्या मांडवात कशी घातली होती, ते पुन्हा एकदा सांगितलं. ह्या वेळी नवरदेव जखमी झाला. मागच्या वेळी फक्त आचारी झाला होता.

धाकटीचं लक्ष नव्हतं. आपण बरोबर बोललो असू, असं ती स्वतःला समजावत होती. शक्यता निम्मी होती. आई कदाचित तेच म्हणाली असेल. तिने तो दुपारचा तास मनात परत परत उलगडून पाहिला. चादर, उंबरा, हवेत हात. "तुला बारीक दिसतं, मला आता ढोबळच दिसतं. म्हणून..." आणि पुढे आकडे. कोशातल्या पानांचे आकडे तिला एकूण एक आठवत होते.

सहावं बेट बाहेर निघालं तेव्हा वहिनी थांबली. तिच्या हातात चार-पाच देठ होते.

"अहो, जरा इकडे या."

"काय झालं? कापलं का?"

"कापलं नाही. हे बघा." तिने एका देठावरून बोटं फिरवली. देठाला वेढून बसलेलं वाळकं पान अलगद सुटून हातात आलं. आतला देठ गुळगुळीत होता, तांबूस. "आई मला एकदा म्हणाल्या होत्या, आपला बोरू जुनं पान आपणहून सोडतो. रेट्या सोडत नाही, धरून बसतो. नखाने ओरबाडावं लागतं."

"मग?"

"मग हे सुटतंय. आणि ह्याला पांढरी चिंधी होती."

दादाने देठ घेतला, डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. "एखादा असेल असा. उन्हाने वाळला असेल."

वहिनी रचलेल्या ढिगाजवळ गेली. ती शिवणकाम शिकवते, तिचे हात भरभर चालतात. तिने सहाही बेटांचे देठ वेगळे केले. चार बेटांची पानं हात लावताच गळाली. दोन बेटांची चिकटून राहिली.

"म्हणजे चार आपल्याच काढल्या?" मामा म्हणाला.

"मला नक्की माहीत नाही हो मामा. मला आईंनी एकदाच दाखवलं होतं, तेही कणीक मळताना."

मग तिथे जो गोंधळ झाला, त्याला शेंडा ना बुडखा. मामा म्हणाला, मी आधीच म्हटलं होतं. दादा म्हणाला, तू म्हणाला होतास की निळ्या काढायच्या, पण पांढऱ्यांत दोन रेटेही निघालेत, म्हणजे तूही चूक. वहिनी निळ्यांकडे धावली, तिथेही तेच निघालं. काहींची पानं सुटत होती, काहींची नाही. पांढऱ्यांत दोन्ही, निळ्यांत दोन्ही. आता कुठल्याच चिंधीला काही अर्थ उरला नव्हता.

मामा एका दगडावर बसला. बराच वेळ त्याने टोपीने वारा घेतला. मग एकदम मऊ आवाजात म्हणाला, "गोंधळली असेल रे बिचारी. एकटीने एवढ्या चिंध्या बांधायच्या, त्यात डोळे तसे."

"मोतीबिंदू पिकला होता," दादा म्हणाला. सकाळपासून भांडणारे मामा-भाचे आता एका बाजूला झाले. "पांढरं आणि फिकट निळं तिला वेगळं दिसतच नसणार. मी जानेवारीतच तारीख घेतली होती. ती म्हणाली, बोरू फुटून येऊ दे मग बघू. मी ऐकायलाच नको होतं." त्याने हातातली कुदळ खाली टाकली. "राहू दे आता. उद्या मी अभियंताबाईंना सांगतो, शेवटी शेवटी आईला काही समजत नव्हतं, आमच्याकडे काही नोंद नाही. त्यांना यंत्र घालायचं तर घालू देत."

"असं सांगणार तुम्ही?" वहिनी म्हणाली. "आईंना समजत नव्हतं म्हणून?"

"मग काय सांगू?"

"काहीही सांगा. ते नका सांगू."

"धाकटीने तरी काय करावं?" मामा म्हणाला. "ताईने तिला जे चुकीचं सांगितलं, तेच तिने आपल्याला सांगितलं. तिचा दोष नाही."

आणि सगळ्यांनी तिच्याकडे इतक्या मायेने पाहिलं, की ते तिला सोसवेना.

"आई गोंधळली नव्हती," ती म्हणाली.

"अगं, आम्ही काही—"

"मामा, थांब. तिला सगळं समजत होतं. तिने मला सगळं नीट सांगितलं. मी ऐकत नव्हते."

गाड्या धुण्याच्या दुकानातला पाण्याचा फवारा सुरू होता. तो कुणीतरी बंद केला.

"म्हणजे?" दादा म्हणाला.

"म्हणजे मी पानं तपासत होते. ती बोलत होती, मी मान हलवत होते. तिने विचारलं, कळलं का? मी म्हटलं, कळलं."

"आणि निळ्या ठेवायच्या, हे?"

"ते मी तुझ्याकडे बघून म्हटलं."

दादा पाठ फिरवून पुलाच्या दिशेने चालायला लागला. पालिकेच्या दगडांपाशी जाऊन थांबला, तिथेच उभा राहिला.

"म्हणजे सकाळपासून," मामा सावकाश म्हणाला, "आपण चौघं डोळे बांधून खणतोय." मग त्याने धाकटीचा हात धरून तिला शेजारी बसवलं. "तिचं बोलणं पण थोडं होतं का? मी तर बस चालवताना बाजूला बसवायचो तिला आणि इंजिनाला धन्यवाद द्यायचो."

धाकटीला हसू आलं नाही, पण मामाने हात सोडला नाही.

*

तिला काहीतरी करायला हवं होतं म्हणून तिने खणलेल्या बेटांच्या सहा चिंध्या उचलल्या. मुद्रितात एक चूक सापडली की ती आधी चूक दुरुस्त करत नाही. ती चूक कशी झाली असेल ते बघते. कुठून सुरू झाली ते कळलं की बाकीच्या आपोआप सापडतात. तिने चिंध्या गुडघ्यावर ओळीने मांडल्या. सारखीच लांबी, सारखीच रुंदी. कापड तेच. वहिनीने त्या विळ्याने कापून काढल्या होत्या, त्यामुळे गाठी जशाच्या तशा होत्या.

दोन चिंध्यांना एक गाठ होती. चार चिंध्यांना दोन.

ती उठली, सातव्या बेटापाशी गेली. दोन गाठी. तिने पान ओढलं, ते सुटलं. आठव्याला एक. पान चिकट. नवव्याला एक. चिकट.

"वहिनी," तिने हाक मारली. "रंग नाही. गाठ बघ."

वहिनी आली. तिने डोळे मिटून अंगठा फिरवला, जसं कापडाचा पोत बघतात तसा. "एक," ती म्हणाली. पुढच्या बेटाला हात लावला. "दोन." मग तिने कपाळाला हात लावला. "अगंबाई. आणि मला हे कळू नये! एका चादरीच्या अठराच पट्ट्या निघतात एवढ्या रुंदीच्या. पुढे कापड संपलं त्यांचं. म्हणून शर्ट फाडला. बाकी काही नाही."

"बाकी काही नाही?" मामा म्हणाला. "आणि आम्ही इथे संसार काढले एकमेकांचे."

आईला ढोबळच दिसत होतं. म्हणून तिने बोटांना कळेल अशी खूण केली होती, ज्यात दिसायचा प्रश्नच नव्हता. त्या 'म्हणून'च्या पुढे हे होतं. धाकटी थांबून राहिली, आता तरी आईचं ते वाक्य कानात येईल अशा आशेने. आलं नाही. अर्थ सापडला होता, पण तो आईच्या तोंडचा नव्हता, चौघांनी मिळून जुळवलेला होता.

एकतीस बेटं त्यांनी पुन्हा तपासली, गाठ आणि पान, दोन्ही. कुठेच बिनसलं नाही. सतरा ठेवायची, चौदा काढायची. दोन निघाली होती, बारा राहिली होती. चुकून काढलेल्या चार बेटांच्या मुळ्या अजून ओल्या होत्या. त्या पाण्याच्या कडेला परत लावायच्या ठरल्या. वाढतील का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्या बाईला ठाऊक असतं, तिला विचारायची सोय नव्हती.

दादा कधी परत आला ते धाकटीला कळलं नाही. ती खड्ड्यात मुळ्या बसवत होती तेव्हा शेजारी पाण्याने भरलेली बादली येऊन टेकली.

"केवढा खड्डा करायचा?" त्याने विचारलं. तिच्याकडे न बघता.

"माहीत नाही."

"होता तेवढाच करू या."

"दादा, मी—"

"मलाही सांगितलं होतं तिने," तो म्हणाला. "फोनवर. अर्धा तास बोलत होती. माझ्याकडे गिऱ्हाईक होतं. मी हो-हो म्हणत होतो." त्याने ओंजळीने पाणी सोडलं. माती खाली बसली, त्याने ती हाताने दाबली. "मग म्हणाली, जाऊ दे, धाकटीला विचार. ती ऐकते."

दोघांनी मिळून चारही बेटं लावली. त्यांच्या चिंध्या दादाने परत बांधल्या. दोन-दोन गाठी, घट्ट.

चार वाजेपर्यंत काम आटोपलं. काठ ओकाबोका दिसत होता, मध्ये मध्ये खड्डे, मध्ये मध्ये बोरू. अभियंताबाईंना हे कसं दिसेल, यावरून मामा आणि दादाचं पुन्हा जुंपलं. वहिनीने दोघांच्या हातात कुदळी दिल्या आणि त्यांना घराच्या वाटेला लावलं. जाताना ती धाकटीला म्हणाली, "वन्सं, सावकाश या. पेले मी धुऊन ठेवते."

धाकटी पंपघरापर्यंत चालत गेली. शेवटचं, एकतिसावं बेट तिथे होतं. त्याची चिंधी शर्टाच्या बाहीची होती, मनगटाचं बटण अजून तिला तसंच होतं. आईचा हात सगळ्यात शेवटी इथे लागला असणार. मग ती घरी आली असणार, टोपी खुंटीला लावली असणार. धाकटी तेव्हा निघून गेली होती. पानं वेळेवर पोचवायची होती.

तिने डोळे मिटले आणि चिंधी चाचपली. एक गाठ, तिच्या वर आणखी एक. तिने पाय जुळवले आणि हात खाली सोडले, वर्गात उभं करतात तशी ती सरळ उभी राहिली.

"एक गाठ असेल तर काढायचं," ती मोठ्याने म्हणाली. "दोन गाठी असतील तर ठेवायचं."

बोरूची पानं एकमेकांवर घासली आणि थांबली. बरोबर की चूक, कुणीच सांगितलं नाही.

"आई," ती म्हणाली, "मला कळलं नव्हतं. पुन्हा सांग."